चिंचेवरचा हुकूम

"तू शिकवत नाहीस, मग ती शाळा कसली?" रणधवल महाराजांनी विचारलं.

"मुलं शिकतात म्हणून शाळा, महाराज," भिवरा म्हणाली.

भिवरा ही कुंभेरीच्या लोहाराची मुलगी. गावाबाहेरच्या चिंचेखाली तिची शाळा भरायची. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. काय शिकायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बाकी सगळे प्रश्न सकाळच्या सभेत हात वर करून सुटायचे, आणि भिवराच्या हातालाही तिथे एकच मत होतं. गेल्या आठवड्यात ती सपशेल हरली होती. तिला भागाकार हवा होता, मुलांना मुंग्यांचं वारूळ.

"महाराज, पोरं मत देतात!" दरबारचे पंतोजी कळवळून म्हणाले. "आज शाळेत देतील, उद्या दरबारात देतील!"

हे मात्र महाराजांना पटलं. दरबारात मत देण्याचं काम इतकी वर्षं ते एकटेच सांभाळत होते आणि त्यांना मदतनीस नको होता.

"चिटणीस, लिहा! 'चिंचेखाली शाळा भरवू नये.' शिक्का मारा आणि झाडालाच टांगा!"

"महाराज, माझी एकवीस पोरं आहेत हो," भिवरा म्हणाली. "त्यांनी जायचं कुठं?"

"पंतोजींकडे. पण तू स्वतःला हुशार म्हणवतेस ना? मग आठ दिवस देतो. त्याच चिंचेखाली शाळा भरवून दाखव. माझ्या हुकमाचं एक अक्षर मोडायचं नाही! जमलं तर शाळा तुझी. नाही जमलं तर चिंच तोडणार, आणि तिच्या फांद्यांच्या छड्या करणार."

पंतोजींनी लगेच फांद्या किती निघतील याचा अंदाज बांधायला घेतला.

भिवराला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी तिने नदीकाठी सभा बोलावली आणि सगळं सांगितलं.

"आधी तो हुकूम नीट बघू या," मुलं म्हणाली.

"बघायचं काय त्यात? मी माझ्या कानांनी ऐकलाय!"

"आम्ही नाही ऐकला."

मत घेतलं. एकवीस विरुद्ध एक. भिवरा पुन्हा हरली.

चिंचेपाशी खंडोजी शिपाई पहाऱ्यावर होता. "ए, शाळा भरवायची नाही!" तो ओरडला.

"शाळा नाही, आम्ही हुकूम वाचतोय."

खंडोजीने डोकं खाजवलं. हुकूम वाचू नये असा हुकूम त्याच्याकडे नव्हता.

हुकूम मोडी लिपीत होता. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून चालतात. मोठी मुलं दोन दिवसांत कंटाळून पोहायला गेली. उरली ती सहा वर्षांची तानी. तिला अजून वाचता येत नव्हतं, पण कागदावरचा लाल शिक्का भारी आवडला होता. ती रोज तिथे बसून धुळीत एकेक अक्षर गिरवायची.

"ताई, हे कुठलं गं?"

"भ."

तेवढंच. न विचारता कुणाला काही सांगायचं नाही, असा शाळेचा ठराव होता. भिवराची जीभ कितीही वळवळली तरी ती गप्प बसायची.

सातव्या दिवशी तानीने बोट ठेवून अख्खा हुकूम वाचला. "चिंचे...खाली... शाळा... भरवून... ये."

चूक सुधारायला भिवराने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग तिने तानीला उचलून असा काही मुका घेतला, की तानी चिडली.

आठव्या दिवशी सकाळी चिंचेखाली शाळा भरली, आणि खंडोजी ते सांगायला दरबाराकडे धावला. दुपारी झाडावरचा हुकूम घेऊन सगळी शाळा दरबारात उभी होती.

"हुकूम मोडलास!" महाराज गरजले. "कुऱ्हाडी आणा!"

"आधी हुकूम वाचावा, महाराज."

"भरवू नये!" चिटणिसांनी कागदाकडे न बघताच सांगितलं.

"त्यांना तो पाठ आहे. ज्याला पाठ नाही, त्याच्याकडून वाचून घ्यावा." भिवराने तानीला पुढे केलं.

तानीने बोट ठेवलं. "चिंचेखाली. शाळा. भरवून. ये."

"चूक! साफ चूक!" पंतोजी उसळले.

"कुठलं अक्षर चुकलं, पंतोजी?"

पंतोजींनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग लांब धरला. एकदा उलटाही धरून पाहिला. चिटणिसांनी नव्या कागदावर हुकूम पुन्हा लिहून बघितला, तर तीच अक्षरं, त्याच क्रमाने.

महाराजांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं.

"म्हणजे मी तुला काय हुकूम दिला?" त्यांनी अखेर विचारलं.

"शाळा भरवून ये," भिवरा म्हणाली. "भरवून आले, महाराज!"

महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. पंतोजीही हसले, कारण महाराज हसत होते.

"शाळा तुझी! चिंचही तुझी! वर आणखी काय हवं ते माग. हत्ती देऊ?"

"सभेला विचारावं लागेल," भिवरा म्हणाली.

सभा तिथेच भरली. हत्ती की चिंचेला झोका? हत्तीसाठी महाराजांनी स्वतः हात वर केला. एक मत धरलं गेलं. झोक्याला बावीस मिळाली.

चिटणिसांनी झोक्याचा हुकूम तिथल्या तिथे लिहिला. दोन शब्दांमध्ये त्यांनी बोटभर जागा सोडली होती.