बाभळीवरचे खोपे

ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नदीकाठच्या बाभळीवर सुगरणींनी सोडून दिलेले खोपे लोंबत असत आणि रानातले प्राणी त्यांत सगळ्यांसाठी औषधे ठेवत.

प्रत्येकाचा खोपा वेगळा होता. अस्वलाने आणलेला पाला अस्वलाच्या खोप्यात, माकडाने आणलेला माकडाच्या. "माझा खोपा सगळ्यांत गच्च!" असे माकड येता-जाता सांगे.

एका सकाळी साळिंदरबाई धापा टाकत आली. तिचे पिल्लू तापाने फणफणले होते.

"माकडदादा, गुळवेल काढून दे रे लवकर!"

"कुणी आणली होती?"

"ते मला काय ठाऊक? माझं लेकरू डोळे उघडत नाहीये!"

माकडाने एकेक खोपा उपसला. दुपार कलली, तेव्हा कुठे गुळवेल सापडली, तीही त्याच्याच खोप्याच्या तळाशी. पिल्लू वाचले.

फांदीवरून हे सगळे पाहणारी म्हातारी सुगरण म्हणाली, "इथं येणाऱ्याला आपलं दुखणं तेवढं ठाऊक असतं, बाळांनो."

मग सगळ्यांनी मिळून खोपे नव्याने लावले. एक तापाचा, एक खोकल्याचा, एक जखमेचा.

"आणि माझं नाव?" अस्वल कुरकुरले.

"मध चाटताना माशीचं नाव विचारतोस का रे?" सुगरण म्हणाली, तसे अस्वलही हसले.

दुसऱ्या दिवशी माकड हिरवागार दगडीपाला घेऊन सुगरणीकडे आले.

"मावशी, हा कशावर चालतो गं?"

"जखमेवर."

माकडाने तो जखमेच्या खोप्यात ठेवला आणि ते साळिंदराच्या पिल्लाशी खेळायला गेले.