धापेचा चौक

आमच्या अंबरकोटचा हा चौक बघायला हल्ली लांबलांबून माणसे येतात. फरशी बघतात, बाके बघतात, बससाठी आखलेली लाल पट्टी बघतात. पाटीवर नाव काहीही असू द्या, गाव याला धापेचा चौक म्हणते. इथे रस्ता ओलांडणारा प्रत्येक जण पलीकडच्या त्या बुटक्या दगडाला हात टेकतो आणि धाप थांबेपर्यंत उभा राहतो. पाहुण्यांना वाटते, देव असेल. देव कसला! एका म्हातारीचे ते चुकलेले माप आहे.

संस्थानच्या काळात इथे बाजाराचा बोळ होता, असे सांगतात. मग राजेसाहेबांनी सर्व्हिस मोटार आणली आणि बोळ पाडून रुंद रस्ता केला. लोक दोन्ही अंगांना अडकून पडू लागले. रस्त्याच्या अलीकडे रखमाजी गवंडी आपल्या आईबरोबर राहायचा. आईचे नाव ठकाई. तिची धाकटी बहीण पारू पलीकडे एकटीच, अंथरुणाला खिळलेली. ठकाई रोज सकाळी तिच्यासाठी भाकरी घेऊन जायची. पण ठकाई गुडघ्याने अधू. मोटारी सुरू झाल्या तशी तिला वाट मिळेना आणि पारू दुपारपर्यंत उपाशी राहू लागली.

रखमाजीने दरबारात जाऊन पाय धरले. राजे दयाळू होते म्हणे. गावात सगळ्यांत हळू चालणारे माणूस ओलांडेपर्यंत मोटार थांबेल, म्हणाले. तेवढे घंटेचे टोले मोजा, आकडा दगडात कोरा. हा आमचा शब्द, तो बदलायचा नाही.

सगळ्यांत हळू कोण, तर ठकाईच. रखमाजीच्या हिशेबाने तिला चाळीस टोले लागणार होते.

मापाच्या दिवशी गाव लोटले. राजे खुर्चीवर, मोटार घरघरत उभी, शिपाई घंटेपाशी. रखमाजीने बजावले होते, "आये, रोजच्यावानी चाल. घाई करू नगंस." ती हो म्हणाली. पण पाऊल टाकताना तिने मान वर केली आणि आपल्यासाठी राजा खोळंबला आहे हे तिला दिसले. आमच्या गावाची ही खोडच आहे. घरात कण्हत पडू, पण वैद्य दारात आला की उठून बसू, बरे आहे म्हणू. ठकाईने पदर डोक्यावरून ओढला, दात आवळले आणि ती पळाली. अठरा टोल्यांत पलीकडे! गावाने टाळ्या पिटल्या. रखमाजी तेवढा कपाळाला हात लावून मटकन खाली बसला.

"सरकार, पुन्यांदा एकडाव," तो विनवू लागला. पण शब्द तो शब्द. अठराचा आकडा कोरायला छिन्नी त्याच्याच हातात दिली.

मग रोज अठरा टोले आणि रोज म्हातारीची धावाधाव. "माप माज्याच पायानं दिलंय, आता कुनाला बोल लावू?" असे म्हणायची. सोळा दिवस ती कशीबशी पोचली, असे सांगतात. सतराव्या दिवशीही पोचली. दगडाला हात टेकून उभी राहिली, पण धाप काही थांबेना, आणि थांबली ती कायमचीच. फडक्यातली भाकरी अजून गरम होती. ती पारूने खाल्ली नाही. आठवड्यात तीही गेली.

रखमाजी पुन्हा दरबारात गेला. आता तरी टोले वाढवा, म्हणाला. या वेळी राजे तयार होते म्हणे, पण गावच आडवे आले. म्हातारीने प्राण पणाला लावून दिलेले माप, त्याला हात लावायचा नाही! असे आमचे भक्त गाव. रखमाजी गाव सोडून गेला, तो परत आला नाही.

घंटा गेली, सिग्नल आला, तोही अठरा सेकंदांचा. परवा चौक नव्याने बांधला, पायी चालणाऱ्यांसाठी म्हणून. बांधणारी इंजिनिअर मुलगी गुणाची होती. म्हणाली, "आजोबा, अठरा फार कमी आहेत. साहेबांसमोर कुणीतरी हळू चालून दाखवा, मी वेळ वाढवून घेते." माझ्या बायकोला, यमुनेला दमा आहे. दवाखाना पलीकडे, आणि दोन वर्षांत तिला तिथवर जाता आलेले नाही. मी म्हणालो, मी चालतो, अगदी यमुनेच्या चालीने चालतो.

चाचणीच्या दिवशी मोठे साहेब आले. बस थांबवून ठेवली होती. ड्रायव्हर मनगटावरचे घड्याळ बघत होता, खिडक्यांतून माणसे माझ्याकडे बघत होती. ठकाईची गोष्ट मी जन्मभर सांगत आलो आहे. तरीही मी पळालो. सतरा सेकंद लागले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने कागद मिटून पिशवीत ठेवले.

आजही इथला सिग्नल अठराचाच आहे. यमुना सकाळी अलीकडे ओट्यावर येऊन बसते आणि दवाखान्याच्या दाराकडे बघत राहते. मी का पळालो, हे तिने मला अजून एकदाही विचारलेले नाही.