भागुलीचं तेरावं

सुनपाट गावाच्या वर, जिथे हिमनदी संपते, तिथे बर्फात एक गुहा आहे. गुहा कसली, बोगदाच तो. इकडून आत शिरायचं आणि निळ्या उजेडातून चालत पलीकडच्या बुरफल खोऱ्यात निघायचं. बर्फ सरकतो, वितळतो, पुन्हा गोठतो, त्यामुळे दर वर्षी ती थोडी वेगळीच असते. मागच्या वर्षीची वाट या वर्षी सापडेलच असं नाही. म्हणून गावातला वाटाड्या असल्याशिवाय तिथे कुणाला सोडत नाहीत, आणि सात-आठ जणांपेक्षा मोठा गटही आत नेत नाहीत.

आम्ही सांगलीची चार-पाच जणं आणि नाशिकच्या शकुताई, असा आमचा गट. वाटाडे होते दीवानदा, सत्तरीचे, काटक आणि मितभाषी. गुहेच्या तोंडाशी त्यांनी एकेकाच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, बुटांना बांधलेले खिळे तपासले. मग आमच्याकडे तोंड करून, चहा झाला का विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "चला. आता मी मेलो."

शकुताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ राहिला. एवढ्या उंचीवर माणसाचं काळीज केव्हा दगा देईल सांगता येत नाही, आणि हे तर छातीवर हात ठेवून उभे! पण दीवानदा मजेत होते. "आत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. मेलेल्या माणसाशी बोलतात का? मी हात करीन तिकडे यायचं. आपापसातही बोलणं नको."

"अहो, सकाळी सकाळी असं अभद्र काय बोलता?" शकुताई म्हणाल्या.

दीवानदांनी समोरच्या कड्याकडे पाहिलं. ऊन खाली यायला अवकाश होता. "बरं, मग आधी ऐका. नंतर मरतो," असं म्हणून ते दगडावर बसले. त्यांनी त्यांच्या डोंगरी हिंदीत सांगितलं, मी आपल्या भाषेत सांगते.

फार पूर्वी, म्हणे, या वाटेवर भागुली नावाची बाई वाटाडी होती. ऐन तरुणपणी विधवा झाली आणि भावाच्या घरी परत आली. पुढे भाऊ-भावजयही गेले आणि त्यांची तान्ही मुलगी, नंदी, हिच्या पदरात पडली. भागुलीने तिला पाठीशी बांधून वाढवलं. बर्फाचा रंग बघून तो किती वजन पेलेल हे भागुली सांगायची, असं सांगतात. व्यापाऱ्यांचे तांडे तिच्या काठीमागून चालायचे.

नंदी मोठी झाली, तेव्हा तिला पलीकडच्या बुरफलचं स्थळ आलं. बुरफलचे पधान, म्हणजे गावचे पाटील म्हणा, उमेदसिंग. त्यांचा एकुलता एक मुलगा त्रिलोक. मुलगा शांत, घर भरलेलं. भागुलीला आभाळ ठेंगणं झालं.

आता त्या खोऱ्यातली एक रीत सांगायला हवी. वरातीचा ढोल एकदा वाजायला लागला की सासरच्या उंबऱ्यापर्यंत थांबवायचा नाही. मधेच थांबला तर नवरी अपशकुनी. तिला दारातून माघारी धाडायचे, आणि तिला पुन्हा कुणी मागणी घालत नसे. सूट होती ती एकाच गोष्टीची. वाटेत वरातीतलं कुणी मेलं, तर ढोल थांबायचा. मेलेला माणूस नवरीची इडापिडा आपल्याबरोबर घेऊन गेला, असं मानायचे आणि लग्न टिकायचं.

वराती नेहमी वरच्या खिंडीतून जायच्या. त्या वर्षी कार्तिकातच बर्फ पडला आणि खिंड बुजली. राहिली ती गुहा. भागुलीने पधानांना हात जोडून सांगितलं, आत ढोल नको, छत अजून कच्चं आहे. पधान म्हणाले, "बिनढोलाची सून माझ्या दारात येणार नाही." बुरफलची माणसं हसली, सुनपाटची गप्प बसली. सुनपाटला मीठ बुरफलकडून यायचं, तेव्हा पधानांपुढे बोलणार कोण?

वरात आत शिरली. बंद जागेत तो ढोल असा घुमला की माणसांना आपल्याच दातांत तो जाणवायला लागला. गुहेच्या मध्यावर पोचले तेव्हा वरून बर्फाचे खडे पडायला लागले. आधी बोराएवढे, मग नारळाएवढे. ढोलीने घाबरून पधानांकडे पाहिलं. पधानांनी हात हलवून वाजव म्हणून खूण केली. डोक्यावर एक लांबलचक भेग चरचरत गेली.

भागुलीने एकदा वर पाहिलं, एकदा नंदीकडे. ढोल चालू राहिला तर सगळे गाडले जाणार होते, थांबला तर नंदी आयुष्यातून उठणार होती. भागुलीने काठी खाली ठेवली, बर्फावर सरळ आडवी झाली, पाय जुळवले, हात छातीवर घेतले आणि मोठ्याने म्हणाली, "मी मेले."

ढोलीचा हात वरच्या वर राहिला. ढोल थांबला. मेलेलं माणूस डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होतं, पण ते मेलंय असं तोंडाने सांगितलेलं त्याने ऐकलं होतं, त्याला तेवढं पुरलं. एकेक माणूस पाऊल न वाजवता तिला ओलांडून पुढे गेला. सगळे पार झाले तशी भागुली उठली आणि मागोमाग बाहेर आली. ती बाहेर पडते न पडते तोच मागे छताचा मोठा तुकडा कोसळला, जेमतेम एका माणसापुरती वाट उरली.

नंदी रडत, हसत आत्याकडे धावली. पधानांनी आपली काठी मधे आडवी धरली.

"कुणाला भेटतेस, सूनबाई? तिथे कुणी नाही."

पहिल्यांदा लोकांना ती थट्टा वाटली. पण पधान थट्टा करत नव्हते. ती मेली म्हणून ढोल थांबला. आता ती जिवंत असेल तर ढोल विनाकारण थांबला, आणि मग ही मुलगी अपशकुनी. दोन्हीतलं एक काय ते निवडा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. नंदीने तोंड उघडलं, तोवर भागुली पाठ फिरवून चालायला लागली होती. मेलेल्या माणसाने निवड केली होती.

पधानांनी तिचं तेरावं घातलं. साधंसुधं नाही, दोन्ही गावांना जेवण! पंगत जितकी मोठी तितकी भागुली पक्की मेलेली, असा त्यांचा हिशेब. गुहेच्या तोंडाशी पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. लोक कंटाळून पंगतीला निघून गेले. आणि मग, असं सांगतात, दगडाआडून भागुली आली. ती किती दिवसांची उपाशी होती कोण जाणे. तिने तो पिंड उचलला आणि खाल्ला.

दीवानदा इथे थांबले. स्वतःच्या हाताने स्वतःचा पिंड! मला त्या म्हाताऱ्या पधानाचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

पुढे भागुली गुहेजवळ दगडांच्या आडोशाला राहिली. तांडा आला की उठायची आणि काठी घेऊन पुढे चालायची. लोक तिच्यामागून सुखरूप पार व्हायचे, दगडावर पीठ-मीठ ठेवायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत. नंदी दर वर्षी माहेरच्या गावी जायची ती याच वाटेने. आत्या पुढे, भाची मागे. बोलायचं नाही. बोललं तर संसार मोडला. पहिलं मूल पाठीशी बांधून आली, तेव्हा भागुलीने एकदाच मागे वळून त्याच्या टोपड्याकडे पाहिलं म्हणे, आणि मग उगाचच भराभर चालायला लागली.

अशी बरीच वर्षं गेली. एका चैत्रात पधान स्वतः तांडा घेऊन निघाले. बरोबर त्रिलोक होता, नंदी होती. बर्फाखालून पाणी सुटलेलं. गुहेच्या मध्यावर भागुलीच्या पायाखालचा थर फुटला आणि ती काखेपर्यंत आत गेली. खालून पाण्याचा ओढा ओढत होता. तिने दोन्ही हातांनी कड धरली.

आणि कुणी हललं नाही.

दुष्टावा होता असं नाही, दीवानदा म्हणाले. त्यांना खरंच कळेना, काय करायचं. मेलेलं माणूस बुडत असेल तर त्याला वाचवायचं म्हणजे काय करायचं? भागुलीनेही हाक मारली नाही. मेलेली माणसं हाक मारत नाहीत.

"आत्या!"

नंदीने ओझं लादलेल्या मेंढीच्या पाठीवरचा दोर सोडून फेकला होता. गुहाभर तो शब्द घुमला. पधान ओरडले, "सूनबाई, एक शब्द अजून बोललीस तर तुझं लग्न मोडलं!"

भागुलीने दोर धरला नाही. गळ्यापर्यंत पाणी आलं होतं, तरी ती भाचीवरच चिडली. "कशाला हाक मारलीस गं, मूर्ख पोरी? इतकी वर्षं मी कुणासाठी मेले?"

नंदीने पाठीवरचं धाकटं मूल सोडवून त्रिलोकच्या हातात दिलं. बर्फावर आडवी झाली, पालथी, आत्याच्या दिशेने हात लांब करून. म्हणाली, "मामंजी, मी पण मेले. आता दोन मेलेल्या बायका एकमेकींशी बोलतील. त्यात तुमचं काय जातं?"

पधानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्याच रितीने त्यांचं तोंड बंद केलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्रिलोक, जो बापापुढे आयुष्यात एक शब्द बोलला नव्हता, त्याने मूल बापाच्या हातात ठेवलं. "बाबा, मग मीही मेलो," असं म्हणून तो दोराला जाऊन भिडला.

पधान नातवाला घेऊन उभे राहिले. पोर टाहो फोडत होतं. मुलगा मेलेला, सून मेलेली, हातात तेवढं हे जिवंत.

"विहीणबाई," ते म्हणाले, "वर या."

नातं लावून हाक मारली म्हणजे माणूस जिवंत, हे सगळ्यांना कळलं. मग अख्खा तांडा दोराला लागला. भागुली बाहेर आली, निळी पडलेली, थरथरत. तिला कुणीतरी घोंगडीत गुंडाळलं. तिने पधानांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "माझ्या तेराव्याला तुम्ही जेवलात ना? कसं झालं होतं? मला लांबून नुसता वास आला."

पधानांना मरेपर्यंत त्याचं उत्तर देता आलं नाही, असं सांगतात.

भागुली पुढे नंदीच्या घरी राहिली, आणि वाट दाखवणं तिने सोडलं नाही. मात्र गुहेत शिरताना ती दर वेळी आधीच सांगून टाकायची, मी मेले, म्हणजे ढोल बाहेरच थांबायचा. कुणाच्या हट्टापायी आत आवाज होऊ नये आणि मधेच कुणाला मरायची पाळी येऊ नये, म्हणून. तेव्हापासून इथला प्रत्येक वाटाड्या ते म्हणतो.

"आणि आजही," दीवानदा उठत म्हणाले, "मोसम सुरू व्हायच्या आधी बुरफलला वाटाड्याचं तेरावं घालतात. वाटाड्या जिवंत, पहिल्या पानावर बसलेला. पधानांच्या घरचा माणूस वाढतो, आणि जेवण झालं की हात जोडून विचारतो, कसं झालं होतं?"

"मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"यंदा सांगितलं, खीर पातळ होती."

"खरंच पातळ होती?" शकुताईंनी डोळे पुसत विचारलं.

"छे हो, झकास होती. पण चांगलं झालं म्हटलं, तर त्यांना वाटेल, मिटलं सगळं."

मग त्यांनी काठी उचलली, आम्हाला मेलो म्हणून सांगितलं आणि आत शिरले.