खाणे

वसईच्या बाजूला एका गावात इनास फादर राहत. तरुणपणी पेरूला गेले, म्हणजे फळ नव्हे, त्या नावाचा देश. केस पिकल्यावर परतले. गावाचा त्यांना लळा, पण बोलायचा कंटाळा. त्याच गावात कतरीनबाय आणि तिचा धाकटा पास्कोल. पास्कोल बुद्धीचा तल्लख, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"मग ती जेवत का नाही, फादर?"

भरदुपारी पास्कोल दारात उभा.

ती म्हणजे मारीबेल. पास्कोलचा थोरला भाऊ बस्त्याव बोटीवर होता, त्याची पेरूची बायको. बस्त्याव वारला. ती पोटुशी, सासूला भेटायला एकटी एवढ्या लांब आली. आली तशी अन्नाला शिवेना. आता तर बॅग भरायला घेतलेली.

फादर आरामखुर्चीत. डोळे मिटलेले.

"मी शिकवलेलं स्पॅनिश म्हण."

"कोमो, मी खातो. कोमेस, तू खातोस. कोमे, तो खातो. कोमेमोस, आपण खातो. कोमेइस, तुम्ही खाता. कोमेन, ते खातात."

"बरोबर."

"तिच्यासमोरही अस्संच म्हटलं! एकदा सुलट, एकदा उलट."

"उलट कशाला?"

"घरात शिकलेला माणूस आहे, कळायला नको?"

"मग?"

"...रडली."

फादरांनी सुस्कारा सोडला. काठी चाचपली.

"चल."

दोन घरांएवढा रस्ता, पण म्हातारा तीनदा टेकला.

घरी जेवण वाढलेलं. चटईवर मारीबेल एकटी. समोर तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. भोवती सगळं घर उभं. कतरीनबाय पळी घेऊन, मारीबेलच्या दोन जावा पाण्याचे तांबे घेऊन. पाहुणी उठल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही, ही त्या घरची रीत. सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर. तिचा हात मांडीवर.

"सुकली हो पोर," कतरीनबाय म्हणाली. "बस्त्यावचं तेवढंच उरलंय, फादर. ते तरी..."

फादर गुडघे धरत, कण्हत, मारीबेलसमोर बसले. तिच्याच ताटातली भाकरी मोडली. कालवणात बुडवली. खाल्ली.

"अगो बाय! पाहुणीच्या ताटातलं?" एक जाऊ पुटपुटली.

फादरांनी कतरीनबायचा हात धरून खाली ओढला. म्हातारी बसली ती धपकन. हातात पळी तशीच.

मारीबेल बघत राहिली...

मग तिनं उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले. मोठा सासूपुढे सरकवला.

कतरीनबायनं उभ्या सुनांकडे पाहिलं. रीत आठवली असेल. आधी डोळे भरले. मग घास तोंडात घातला.

तेव्हा मारीबेलनं खाल्लं. खाली मान घालून, भराभर. खाता खाता रडत होती, पण हात थांबत नव्हता. एक जाऊ आणखी भाकऱ्या थापायला पळाली, दुसरी चटईच्या कडेला टेकली.

बॅग पुन्हा भरली गेली नाही. बाळंतपण त्याच घरात झालं, मुलगी झाली, कतरीनबायच्या नाकाची. पण ते पुढचं.

त्या दुपारी पास्कोल तेवढा उभा होता, भाकऱ्यांचं टोपलं छातीशी धरून.

"फादर," तो हळूच म्हणाला, "हे झालं. उद्या पुढचं कुठलं पाठ करू?"

फादरांनी बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"टोपलं खाली ठेव, बाबा."