दाजींचं बोर

फार पूर्वी, पाखरंही बाजारहाट करायची तेव्हा, नदीकाठच्या चिंचेच्या ढोलीत भुरकी नावाच्या खारीचं धान्याचं दुकान होतं. माप भरून झालं की ती वर एक बोर ठेवायची आणि म्हणायची, "हे घरच्यांना." कुणाच्या घरी कोण आहे, हे तिला तोंडपाठ होतं.

एका सकाळी साळुंकी बऱ्याच दिवसांनी दुकानात आली. तिचा जोडीदार महिन्यापूर्वी वादळात गेला होता. भुरकीला ते ठाऊक होतं. काय बोलावं ते न सुचून ती खाली मान घालून बाजरी मोजत राहिली. पण माप भरलं आणि सवयीने तिचा हात बोरांकडे गेला.

"हे दाजींना," ती बोलून गेली.

"पाठ केल्यासारखं बोलतेस की गं!" रांगेत मागून पोपट करवादला. "आणि नावं मात्र मला ठेवतात."

भुरकीचं शेपूट खाली झुकलं. ही आता पुन्हा आपल्या दारात यायची नाही, असं तिला वाटलं. "चुकले, ताई," म्हणत ती बोर उचलायला गेली, तर साळुंकीने त्यावर पाय ठेवला.

"राहू दे गं. महिनाभर सगळे माझ्याशी जपून बोलतायत. त्यांचं नाव कुणी काढलंच नाही."

तिने बोर तिथेच खाल्लं. "आंबट आहे," ती म्हणाली. "त्यांना असंच लागायचं."

पुढच्या बाजाराला ती आली, तेव्हा भुरकीने टोपलीतलं सगळ्यात आंबट बोर आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.