गिरणीच्या दारातलं जातं

बेलसावळीच्या गिरणीच्या दाराशी, डाव्या हाताला, जमिनीत अर्धं पुरलेलं एक जातं आहे. दळण घेऊन आलेली बाई आधी त्याला हळदकुंकू वाहते, मगच आत जाते. गावदेवी मळाईची ओटी भरायला आलेल्या परगावच्या बायकांना गावातल्या वत्सलाकाकू ते दाखवतात आणि त्याची हकीकत सांगतात.

तान्हाबाई नावाची एक विधवा घरोघरचं दळण दळून स्वतःचं आणि लेकीचं पोट भरायची, असं सांगतात. हुसेनभाईंनी गावात इंजिनाची गिरणी आणली, तेव्हा आपलं दळण जाणार म्हणून ती तडक देवळात गेली. ती मळाईला नवस बोलली, "आई, जन्मभर तुझा शुक्रवार धरीन, पण या इंजिनाचा आवाज उठू देऊ नकोस." गिरणी सुरू व्हायच्या सकाळी तिने आपलं जातं दारातच मांडलं आणि दळत बसली.

जातं म्हणजे लक्ष्मी. ते ओलांडणार कोण? बाया पाट्या घेऊन आल्या आणि थबकल्या. हुसेनभाई आतच अडकले.

"तान्हाक्का, मला निदान जेवायला तरी जाऊ द्या."

"जा की. ओलांडा आणि जा."

"तेवढं नाही व्हायचं माझ्याच्यानं."

ऊन चढलं. कोणी हलेना. तेवढ्यात त्या बायांतून कौसा पुढे आली. तिचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला जात्यावर बसलेली असतानाच तिचं पोट पडलं होतं, आणि तेव्हा तिला उचलून घरात नेलं होतं ते तान्हाबाईनेच.

"मावशी, जातं सरकवा."

"बस इथं. मी दळते तुझं."

"आज दळाल. रोज तुम्ही एकट्या किती घरांना पुरणार?"

तान्हाबाईचा हात खुंट्यावरच थांबला. जातं उचललं तर नवस मोडणार, लेकीच्या तोंडचा घास जाणार. न उचललं तर समोर ही, कंबर धरून उभी. तिने देवळाकडे पाहिलं. ना फूल पडलं, ना घंटा वाजली.

तिने जात्याचे दोन्ही दगड एकेक करून उचलून दाराच्या बाजूला ठेवले. "आई, नवस मोडतेय. शिक्षा मला दे, पोरीला नको."

इंजिन धडधडलं. आता देवी कोपणार, म्हणून बाया दोन पावलं मागे सरल्या. पीठ पडू लागलं, तशी कौसाने पहिली मूठ तान्हाबाईच्या पदरात घातली.

"पहिली मूठ तुमची. कायमची."

मागच्या बायकांनीही तेच केलं. बाहेर येता येता हुसेनभाई म्हणाले, "उद्यापासून आत या, तान्हाक्का. इंजिनावर पट्टा चढवायला शिकवतो."

देवीने कौल दिला तो असा, म्हणे. कौसाही सुखरूप बाळंत झाली.

आजही बेलसावळीत नवं यंत्र आलं, की त्यामुळे ज्याचं काम जाणार असेल त्याला पहिली मूठ देतात आणि यंत्रही आधी त्यालाच शिकवतात. शाळेत संगणक आला, तेव्हा मोत्यासारख्या अक्षरात फळा लिहिणारे गुरुजी दाराबाहेरच उभे राहिले होते. मुलांनी हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, कळ दाबायला लावली आणि छापून निघालेला पहिला कागद त्यांच्याच हातात दिला.

तोही पिठासारखा गरम होता, म्हणे.