कापलेले दोर

एका राज्यात समुद्राच्या तळाशी एक काचमहाल होता. राजाच्या मांत्रिकाने तो एका फुंकरीत उभा केला होता. आत बसून राजा पोवळ्यांची बाग पाही, रंगीत मासे पाही. पण मोती वेचणाऱ्या पाणबुड्यांचे दोर काचेसमोर लोंबत. "देखावा बिघडतो," राजा म्हणाला, आणि वर होड्यांवर जाऊन त्याने आपल्या खंजिराने ते कापले. खाली राहिलेल्यांची मांत्रिकाने पोवळी केली. बाग आणखी भरली. राजा खूश झाला.

त्यांतला एक दोर सागुणेच्या हातात होता. त्याच्या टोकाला तिचा लेक होता, धाकू.

पुढे बाग पांढरी पडू लागली आणि राजाचा खंजिराचा हात कोपरापर्यंत दगड झाला. मांत्रिक पळाला. तेव्हा एक कुरव पक्षी सागुणेच्या नावेवर उतरून बोलला, "ज्याने कापले त्यानेच दोर वळावा, त्यानेच धरावा, त्यानेच एकेकाला नावाने हाक मारावी. शाप सुटेल. जे पोवळे पुरते पांढरे झाले, ते मात्र परतणार नाही."

सागुणा काथ्या घेऊन काचमहालात गेली. काचेपलीकडे कमरेला दोराचा तुकडा असलेले लाल पोवळे होते, तिचा धाकू. शेंडा पांढरा झाला होता.

"राजा, दोर वळ."

"बाई, दोर वळणं हे राजाचं काम नव्हे."

"कापणं होतं?"

राजाने प्रधानाला विचारले, पुरोहिताला विचारले, मुहूर्त काढवला. तोवर पांढरा रंग शेंड्यावरून कमरेपर्यंत उतरला. सागुणा काचेवर मुठी आपटत राहिली. मुहूर्त उद्याचा निघाला.

उद्या उजाडला तेव्हा दगड राजाच्या खांद्याला भिडला होता. मग राजा खाली बसला. एका हाताने, मांडीवर, त्याने काथ्या वळला. नावेत उभे राहून दोर पाण्यात सोडला. पण नावे त्याला ठाऊक नव्हती. सागुणा सांगत गेली, तो हाका मारत गेला.

"गोमा! बाबल्या! हिराजी!"

तीन झटके बसले की ओढायचे, ही पाणबुड्यांची रीत. झटके बसत गेले, माणसे वर येत गेली.

"शेवटचं नाव?"

"धाकू."

राजाने हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदाही दोर हलला नाही.

काचमहाल पाण्यात विरघळला. राजाचा हात मऊ झाला. "बाई, अर्धं राज्य घे," तो म्हणाला.

"हात बरा झाला ना? मग दोर सोडू नकोस."

तेव्हापासून त्या राज्यात पाणबुडे उतरले की दोर राजा धरतो, आणि सागुणा त्याच्या मागे उभी असते. पोवळी लाल आहेत, मोती पिकतात, राज्य सुखी आहे. सागुणेला मात्र हे कुणी सांगायला जाऊ नये.